दोन दारांच्या गाडीचा इन्शुरन्स

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, ते आधीच सांगून टाकते. पहिली वेलांटी कुठं नि दुसरी कुठं, हे मला शाळेत असतानाही नीट कळलं नव्हतं, आता पन्नाशीला काय कळणार. माहेरच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती. पुढं शिकायचं तर कानडी शाळा, तीही ओढा ओलांडून दुसऱ्या गावात. मुलीला तेवढ्यासाठी कोण पाठवतं. म्हणून चुका दिसल्या तर पोटात घाला. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. झालेली गोष्ट तोंडानं सांगता आली असती तर लिहिलीही नसती. घरात मी बोलते, चांगली बोलते. पण परकं माणूस समोर आलं की माझा घसा आवळतो आणि पदराचं टोक तेवढं बोटाभोवती फिरत राहतं.

बिदर जिल्ह्यात राजेश्वरजवळ हमरस्त्याला आमच्या ह्यांचं गॅरेज आहे. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. कलबुर्गीच्या एका डाळमिलच्या लॉऱ्या बरीच वर्षं ह्यांच्याकडे दुरुस्तीला येत. मिल बंद पडली, ह्यांची मजुरी राहिली, आणि पैशाच्या बदल्यात मालकानं गोदामात पडलेली एक मोटार देऊ केली. त्याच्या मुलानं हौसेनं घेतलेली होती. मुलगा परदेशी गेला आणि मोटार तुरीच्या पोत्यांमागं राहून गेली. मी मनात धरलं होतं की जीप नाहीतर तसलंच काही येईल. लॉरीच्या मागं दोर बांधून जे आलं ते बघून मी उंबऱ्यातच खाली बसले.

लाल होती, पण धुळीनं विटेच्या रंगावर गेलेली. इतकी बुटकी की तिचं छत माझ्या छातीला लागत होतं. दारं दोनच. आतल्या गादीत उंदरांनी संसार थाटलेला.

मी विचारलं, मागं बसायचं कसं? हे म्हणाले, मागं बसायचंच नसतं, स्पोर्ट गाडी आहे, दोघांचीच असते. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांसाठी म्हणून ह्यांनी काही आणलं असेल तर ते हेच.

दोन वर्षं हे तिच्यात डोकं घालून होते. गिऱ्हाइकाचं काम संपलं की तिचं काम. एखादा तुकडा हैदराबादहून, एखादा पुण्याहून, काही तर ह्यांनी स्वतः घडवले. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारची शेळी दाव्यासकट पळाली. रस्त्यावरचे एसटीवालेसुद्धा गाडी हळू करून बघून जायला लागले.

पहिला धक्का मला आरटीओच्या कागदांनी दिला. गाडी माझ्या नावावर करायची होती. झालं असं की ह्यांच्या नावावर आधी एक जीप होती, ती जळाली. मग टेम्पो घेतला, तो पुलावरून खाली गेला. आमच्याकडे येणाऱ्या स्वामींनी पंचांग बघून सांगितलं होतं की तुमच्या नावाला लोखंड लाभत नाही. दिवसभर लोखंडातच हात घालणाऱ्या माणसाला हे सांगितलं, आणि ह्यांनी ते मानलं. आमच्या भागात मानतातच. कितीतरी बायकांच्या नावावर ट्रॅक्टर नि लॉऱ्या आहेत, आणि त्या बायकांना चावी कुठल्या बाजूनं फिरवायची हेसुद्धा माहीत नसतं. तशी मीही मालकीण झाले. सही करताना शेवटचं अक्षर रेघेच्या बाहेर गेलं.

मग आला इन्शुरन्सचा प्रश्न.

गाडी तयार होती, पण इन्शुरन्स नसताना रस्त्यावर काढायची नाही, एवढं ह्यांना पक्कं माहीत होतं. अपघाताच्या गाड्या ह्यांच्याकडेच येतात. समोरच्याला काही झालं आणि कागद नसला तर घरदार जातं, हे ह्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. आणि घरदार आता माझ्या नावानं जाणार होतं.

हे फोनवर विचारायचे आणि मी चुलीपुढं बसून ऐकायची. गाडीचं नाव सांगेपर्यंत पलीकडचा माणूस गोड बोलायचा. नाव ऐकलं की सूर बदलायचा. एकानं सांगितलं, इतक्या जुन्या गाडीला आम्ही हात लावत नाही. दुसऱ्यानं तीस हजाराच्या वरचा आकडा सांगितला. मी हातातली भाकरी तव्याच्या बाहेर टाकली. एका वर्षाचे तीस हजार, आणि वर्षभरात काही झालं नाही तर ते पैसे परतही मिळत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होते की इन्शुरन्स म्हणजे भिशी.

हे हुज्जत घालायचे. ह्यांचं म्हणणं, चार दारांच्या गाडीला जेवढे पैसे त्याच्या निम्मे घ्या, हिला दोनच दारं आहेत. पलीकडच्यानं विचारलं म्हणे, "मिस्त्री, मग लॉरीला किती दारं असतेत?" हे फोन ठेवून गॅरेजात निघून गेले.

शेवटी बसवकल्याणात स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात एक एजंट भेटला, दुकानही त्याचंच. तरुण, इस्त्रीचा शर्ट, कानडी-मराठी दोन्ही पाण्यासारखं. मला बघून आधी उठून उभा राहिला आणि खुर्ची पुसून दिली. "गाडी अक्काच्या नावावर हाय? मग काळजी कामून करायलाव मिस्त्री. बाईच्या नावावर असली की लेडीज सूट मिळते. बारा हजारात फर्स्ट पार्टी करून देतो." फर्स्ट पार्टी म्हणजे आपल्या गाडीचंही नुकसान भरून मिळतं. तीसचे बारा झाले, तेही मी बाई आहे म्हणून. बाई असल्यानं काही स्वस्त पडतं हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. खरंच वाटलं मला. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच मोठी कमाई करून आणली.

ह्यांचे पैसे सगळे गाडीत गेले होते. म्हणून बारा हजार मी आमच्या बायकांच्या बचतीच्या संघातून उचलले. संघाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं कशाला, मी खाली मान घालून सांगितलं मोटारीला. बायका हसून हसून लोळल्या. "आम्ही शेळीला घेतो, मशिनीला घेतो, आन् ही बघा, मोटारवाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. पण दिले. माझ्यासाठी चौघी जामीन राहिल्या. त्यातली एक दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. माझा हप्ता चुकला तर त्या चौघींनी भरायचा, असा नियम आहे.

एजंटानं दुसऱ्या दिवशी छापलेला कागद दिला. गाडीचा नंबर, माझं नाव, सगळं इंग्रजीत. ह्यांनी तो प्लास्टिकमध्ये घालून घेतला. मी त्याला हळदकुंकू लावलं.

मग आम्ही उमरग्याला निघालो, माझ्या नणंदेकडे बारशाला. त्या गाडीत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं खाली जायचं आणि मग पाय आत ओढायचे. लुगड्यातली बाई ते कसं करते ते इथं लिहीत नाही. पण एकदा बसले आणि गाडी चालली, तेव्हा बरं वाटलं. रस्ता इतका जवळ की डांबराचे खडे मोजावेत. हे नुसते हसत होते.

राज्याच्या हद्दीवर पोलिसांनी थांबवलं. खरं तर त्यांना गाडी बघायची होती. दोघा-तिघांनी फिरून बघितली, एकानं वाकून इंजिनाचं विचारलं. मला बसल्या जागेवरून पोलिसाचा पट्टाच दिसत होता. मग सहज म्हणून कागद मागितले. ह्यांनी ऐटीत दिले. पोलिसानं इन्शुरन्सच्या कागदावरचा तो काळ्या ठिपक्यांचा चौकोन मोबाइलपुढं धरला. एकदा धरला, दोनदा धरला. मग दुसऱ्याला दाखवला.

"मिस्त्री, ही गाडी काय हाय?"

"मोटार हाय की साहेब. दिसायलीय की."

"कंपनीच्या कंप्युटरवर स्कूटर दाखवायलंय."

हे हसले. त्यांना वाटलं गंमत चाललीय. पोलीस हसला नाही. त्यानं मोबाइल ह्यांच्या पुढं केला. नंबर आमचाच, नाव माझंच, आणि गाडीच्या जागी दोन चाकांची गाडी. एजंटानं आमच्या नंबरावर स्कूटरचा इन्शुरन्स काढला होता, जो हजाराच्या आत येतो, आणि कागद छापताना त्यावर मोटार लिहिली होती. बाकीचे पैसे त्याच्या खिशात. लेडीज सूट नावाचं काही नव्हतंच.

पोलीस खाली वाकला. पट्ट्याच्या जागी एकदम त्याचं तोंड आलं. "बाई, गाडी तुमच्या नावावर हाय? दंड तुमच्या नावानं होतोय."

मला काय झालं ते सांगता येत नाही. दोन हजाराची पावती माझ्या मांडीवर ठेवली, तीही मला उचलता येईना. बारशाला आम्ही गेलो नाही. तिथूनच वळलो. येताना वाटेत येणारं प्रत्येक माणूस, प्रत्येक सायकल आपल्याच गाडीखाली येणार असं मला वाटत होतं. डोळे मिटले तर आणखी वाईट. घरी आल्यावर हे गाडीवर ताडपत्री टाकून तिथंच जमिनीवर बसून राहिले.

एजंट आधी म्हणाला, सर्वरची चूक आहे, दुरुस्त होईल. मग फोन उचलेना. हे पाना घेऊन निघाले तेव्हा मी आडवी आले. सगळे म्हणाले, तक्रार द्या. पण तक्रार मालकिणीनं द्यायची. ठाण्यात जायचं, टेबलापुढं उभं राहायचं, काय झालं ते बोलायचं. मी हो म्हणायची आणि निघायच्या दिवशी पोट दुखायला लागायचं. खोटं नाही, खरंच दुखायचं.

तोवर खरा इन्शुरन्स तर काढायलाच हवा होता. ह्यांनी गाडीतला गाण्याचा मोठा डबा विकला आणि आम्ही बिदरला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथं एक बाई होती. तिनं सगळं कागदावर रेघा मारून समजावलं. समोरच्याच्या नुकसानीचा जो इन्शुरन्स असतो, त्याचा दर सरकार ठरवतं, इंजिन केवढं त्यावर. कुठल्याही कंपनीत जा, तेवढाच. त्यात घासाघीस नाही आणि सूटही नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा घ्यायचा की नाही ते आपल्या मनावर. एवढ्या जुन्या गाडीची किंमत कागदावर जवळजवळ उरलेलीच नसते, मग त्यासाठी पैसे कशाला घालायचे, असं ती म्हणाली. मोडली तर मिस्त्री आहेतच की. म्हणजे आम्ही ज्यासाठी महिनोन् महिने दारोदार हिंडलो, ते स्वस्तातलं काम इथं पहिल्याच दिवशी मिळालं असतं. हे एकदम म्हातारे दिसायला लागले.

मग तिनं विचारलं, "अक्का, तुमचं लायसन?"

मी मान हलवली. गाडी येत नाही, लायसन कुठलं. मला वाटलं आता हेही नडणार. पण ती म्हणाली की मालक स्वतः गाडी चालवत असला तरच त्याच्या अपघाताचे पैसे भरायचे, तुम्हाला ते लागत नाहीत, तेवढे कमी झाले. न येणाऱ्या गोष्टीचे पैसे कमी होतात हे कुणाला खरं वाटेल. सगळं मिळून नऊ हजाराच्या आसपास लागले. कागद मिळाल्यावर ह्यांनी बाहेर येऊन चौकोन तिथंच मोबाइलपुढं धरून बघितला. चार चाकं निघाली.

पण संघाचे बारा हजार राहिलेच. दोन हप्ते मी कसेबसे भरले. तिसऱ्याला कमी पडले, तेव्हा खुरपायला जाणारीनं आपल्या कमरेची पिशवी उघडली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, जणू तिचंच देणं होतं. मी घरी येऊन भांडी घासत होते आणि भांडी दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बसवकल्याणला गेले. ह्यांना सांगितलं नाही. दुकान बंद होतं. विचारत विचारत एजंटाच्या घरी गेले. ओट्यावर त्याची आई तुरीची डाळ निवडत बसली होती. कपाळाला विभूती, पांढरं लुगडं. मला ओळखत नव्हती, पण उन्हातून आलेली बाई बघून लगेच उठली आणि तांब्या-पेला घेऊन आली. मी वाटेत ठरवलं होतं काय बोलायचं ते. पाठच केलं होतं. तिनं पेला पुढं केला आणि माझा घसा आवळला. एकच शब्द निघाला, नको.

आमच्याकडे दाराशी आलेलं माणूस पाणी न पिता जात नाही. उन्हात तर नाहीच. मी ते ठरवून केलं नव्हतं. पाणी घशाखाली उतरलंच नसतं. पण तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या दारात काही अभद्र बोलले. शेजारच्या ओट्यावरच्या दोघी बायका सुपं थांबवून बघायला लागल्या.

"चहा टाकते."

"नको."

"पाणी न घेता दोघंच जातेत, बाई. एक वैरी न्हाईतर एक सुतकातला. तू कोण?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पिशवीतून तो प्लास्टिकमधला कागद काढून तिच्यापुढं ठेवला. "मोटारीचे म्हणून बारा हजार घेतले. स्कूटरचा निघाला." परक्यापुढं मी एवढं लांब कधी बोलले नव्हते.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं मुलाला हाक मारली. तो घरातच होता, दाराआड. बाहेर आला, मला बघून थबकला, मग हसला. "अव्वा, तुला ह्यातलं कळत न्हाई. सर्वरचा प्रॉब्लेम हाय."

"मला सर्वर कळत न्हाई. मोटारीला चाकं किती असतेत?"

"चार."

"स्कूटरला?"

तो उंबऱ्याकडं सरकला.

"मग दोन चाकांचे पैसे कुठं गेले, ते ह्या बाईला सांग."

शेजारच्या एकीनं तोंडाला पदर लावला. तो लाल झाला, घरात गेला. म्हातारी तशीच उभी होती, पेला हातात. मग ती मला म्हणाली, "माझ्या शब्दावर घे." मी घेतलं. पाणी कोमट झालं होतं.

शब्द दिला म्हणजे म्हातारी महिन्याला थोडे थोडे पाठवील, एवढीच माझी आशा होती. दहा-पंधरा दिवसांनी मी ह्यांना सगळं सांगून, बरोबर घेऊन दुकानावर गेले, तर माझी पावलं रस्त्यातच थांबली. झेरॉक्सच्या मशिनीमागं म्हातारी बसली होती. विभूती, पांढरं लुगडं, मांडीवर गल्ल्याचा डबा. गिऱ्हाइकानं दिलेला प्रत्येक रुपया ती स्वतः हातात घेत होती. मुलगा निमूटपणे कागद काढून देत होता. एकानं विचारलं की आजी, दुकान तुमचं का, तर ती म्हणाली, "एका बाईचं हाय. तिचे फिटेपर्यंत मी राखण." ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मला तर तोंड कुठं लपवावं कळेना.

दर बाजारच्या दिवशी मी जायची. ती डब्यातून मोजून द्यायची, मी तिथून तशीच संघात नेऊन भरायची. दंडाचे दोन हजारही तिनं धरले होते, मी मागितले नव्हते. खुरपणाऱ्या बाईचे पैसे मी पहिल्याच खेपेला तिच्या पिशवीत परत घातले.

शेवटच्या खेपेला पैसे मुलानं दिले. म्हातारी नुसती बघत होती. नोटा मोजून झाल्या, तसा तो हळूच म्हणाला, "अक्का, फुडल्या वर्षीचा इन्शुरन्स माझ्याकडनंच करा. खराखुरा करतो."

एवढं सगळं होऊन हे तो सरळ तोंडानं विचारत होता. म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. माझं हसू मात्र बाहेर पडलं, परक्याच्या दुकानात, सगळ्यांसमोर.

त्याच दिवशी संघ भरलेला होता. मी शेवटची रक्कम व्याजासकट अध्यक्षबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी मोजली, बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजली, आणि माझ्या नावापुढं रेघ मारली. जामीन राहिलेल्या चौघींकडं बघून म्हणाल्या, "हिचं फिटलं."